'फायरफ्लाय' : चौदा भागांच्या मालिकेला चाहत्यांनी एवढा जीव का लावला?

सांजवात

अंतराळात घडणाऱ्या वेस्टर्न मालिकांचा विषय निघाला की 'फायरफ्लाय'चे नाव येतेच, आणि ते आले की पाठोपाठ एक ठरलेले विधानही ऐकू येते : मालिका अर्धवट राहिली म्हणूनच लोक तिच्यासाठी हळहळतात, चार-पाच वर्षे चालली असती तर तिला कोणी विचारले नसते. हे विधान मला मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी मालिका किंवा नंतरचा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढील मजकूर वाचू नये, कारण कथानकातील महत्त्वाच्या गोष्टी येथे उघड होणार आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. जॉस व्हेडन यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात बंद पडली. चौदा भाग तयार झाले होते, त्यांपैकी अकराच दाखवले गेले. कथा २५१७ सालातील आहे. मध्यवर्ती ग्रहांवरील सत्ताधारी अलायन्सविरुद्धचे युद्ध हरलेला माल्कम रेनॉल्ड्स, म्हणजेच कॅप्टन माल, एक जुनाट मालवाहू यान विकत घेतो, ज्या लढाईत सर्वस्व गमावले त्या दरीचेच 'सेरेनिटी' हे नाव त्याला देतो आणि मिळेल ते काम, प्रसंगी चोरीमारीही, करत सीमेवरच्या धुळकट चंद्रांवरून फिरत राहतो. हरलेल्या बाजूचे सैनिक तपकिरी कोट घालत, आणि चाहत्यांनी तेच नाव स्वतःसाठी घेतले : ब्राउनकोट.

वाहिनीने मालिकेशी जे केले, ते आजही वाचवत नाही. दोन तासांचा पहिला भाग फॉक्सला संथ वाटला, म्हणून व्हेडन आणि टिम मिनीअर यांनी एका शनिवार-रविवारात 'द ट्रेन जॉब' लिहून काढला आणि तोच आरंभीचा भाग म्हणून दाखवला गेला. ज्या भागात सगळी पात्रे एकमेकांना पहिल्यांदा भेटतात, सायमन नावाचा डॉक्टर आपल्या बहिणीला, रिव्हरला, पेटीत गोठवून यानावर आणतो आणि कॅप्टनला ती पेटी उघडल्यावर धक्का बसतो, तो मूळ पहिला भाग प्रेक्षकांनी पाहिला २० डिसेंबरला, म्हणजे सर्वांत शेवटी. शुक्रवारची रात्र, मधल्या काळात बेसबॉलच्या सामन्यांमुळे पडलेला खंड आणि विस्कटलेला क्रम, एवढ्या अडचणींत कोणती मालिका तग धरेल?

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्या मते या प्रेमाचे कारण मालिकेच्या शेवटात नाही, तर तिच्यातील नऊ माणसे एकमेकांशी कशी वागतात यात आहे. 'आउट ऑफ गॅस' हा भाग पाहावा. सायमनच्या वाढदिवसाचा केक समोर आलेला असताना इंजिनात स्फोट होतो, मालची युद्धापासूनची सहकारी झोई गंभीर जखमी होते आणि श्वास घेण्यापुरती हवा उरते ती काही तासांचीच. माल सर्वांना दोन छोट्या यानांतून पाठवून देतो आणि स्वतः मागे थांबतो. निघण्यापूर्वी यानाचा चालक आणि झोईचा नवरा वॉश त्याला एक बटण जोडून देतो आणि सांगतो की मदत मिळाली तर एवढे एकच बटण दाब, दोन्ही याने परत फिरतील. मालला इंजिनाचा सुटा भाग मिळतो, पण पोटात गोळीही लागते. रक्ताळलेल्या अवस्थेत तो धडपडत इंजिनखोलीत जातो, तो भाग बसवतो, यान सुरू करतो, आणि बटणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोसळतो. डोळे उघडतो तेव्हा सगळे त्याच्याभोवती उभे असतात. बटण कोणीच दाबलेले नव्हते, त्याची आज्ञा मोडून ते परत आलेले होते.

या भागात तीन काळ एकमेकांत गुंफले आहेत, आणि प्रत्येक माणूस या यानावर कसा आला हे आपल्याला तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. शेवटच्या दृश्यात जुन्या यानांचा विक्रेता मालला भलत्याच यानाचे गुण ऐकवत असतो आणि मालची नजर मात्र पलीकडे कोपऱ्यात पडलेल्या सेरेनिटीवर खिळलेली असते. मालिका पुढे सात वर्षे चालली असती, तरी हा भाग एवढाच चांगला राहिला असता. तुमची मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांची.

माळरान

धागा चांगला आहे, पण अपुरेपणाचा वाटा तुम्ही फारच कमी धरता आहात असे मला वाटते. 'आउट ऑफ गॅस' उत्तम आहे याविषयी दुमत नाही. मात्र उत्तम भाग असलेल्या कितीतरी मालिका लोकांनी पाहिल्या आणि विसरल्या. त्यांच्या प्रेक्षकांनी 'व्हरायटी'सारख्या व्यवसायातील नियतकालिकात वर्गणी काढून जाहिरात दिली नाही, दुसऱ्या वाहिनीने मालिका घ्यावी म्हणून पोस्टकार्डांची मोहीम चालवली नाही. ब्राउनकोटांनी हे सारे केले, कारण समोर एक अन्याय घडत होता आणि तो थांबवता येईल असे त्यांना वाटत होते. हरलेल्या सैनिकांची कथा सांगणारी मालिका स्वतःच हरली, आणि प्रेक्षकाला पात्रांच्या जागी उभे राहण्याची आयती संधी मिळाली. मालिका व्यवस्थित संपली असती, तर तपकिरी कोट घालण्याला काय अर्थ उरला असता?

दुसरे असे की चित्रपटाने हा प्रश्न एका अर्थी तपासूनच पाहिला. डिसेंबर २००३ मध्ये डीव्हीडी संच आला, तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त खपला, युनिव्हर्सलने चित्रपटाला पैसे दिले आणि ३० सप्टेंबर २००५ रोजी 'सेरेनिटी' अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधी मे-जूनमध्ये अमेरिकेतील निवडक शहरांत पूर्वखेळ झाले, तेथे तिकिटे भराभर संपली. एवढे होऊनही सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाची चित्रपटगृहांतील जगभरची कमाई खर्चाच्या थोडीशीच वर गेली. याचा अर्थ चाहते अतिशय निष्ठावान होते, पण संख्येने थोडे होते. आणि ज्या थोड्यांना शेवट मिळाला, त्यांतील अनेकांना तो सोसला नाही. वॉश यान सुखरूप उतरवतो, दोन वाक्ये बोलतो आणि त्याच क्षणी एक भाला काच फोडून त्याच्या छातीतून आरपार जातो. निरोप नाही, शेवटचे बोलणे नाही. झोई त्याला हलवत राहते आणि मालला तिला तेथून ओढून न्यावे लागते. या मृत्यूवर चाहते अजूनही दोन तट पडून वाद घालतात. माझ्या मते तो आवश्यक होता, कारण त्यानंतर कोणीही वाचेल याची खात्री प्रेक्षकाला उरत नाही आणि पुढची लढाई श्वास रोखून पाहावी लागते.

कृत्तिका

वॉशच्या मृत्यूविषयी मी नेमक्या उलट मताची आहे. दूरचित्रवाणीवर सुखी, एकमेकांना पुरते ओळखणारे नवरा-बायको क्वचितच दिसतात. 'वॉर स्टोरीज'मध्ये निस्का नावाचा गुंड माल आणि वॉश या दोघांनाही पकडून छळतो. झोई पैसे घेऊन सोडवायला जाते, तेव्हा तिला छळायच्या हेतूने तो म्हणू लागतो की एवढ्या पैशात एकच सुटेल, तू निवड कर. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ती नवऱ्याकडे बोट दाखवते. ज्याच्या हाताखाली युद्धात लढली, ज्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही, तो कॅप्टन समोर बांधलेला आहे, आणि तरी तिला क्षणभरही विचार करावा लागत नाही. असे नाते उभे करून ते केवळ प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी मोडावे, हे मला लेखनातील उतावळेपण वाटते.

पण मला खरे तर वेगळ्याच विषयावर लिहायचे आहे. चाहत्यांच्या प्रतिक्रिया म्हणजे केवळ कौतुक नव्हे. या मालिकेवरील सर्वांत बारकाईची टीका तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनीच केली आहे, आणि तिचे दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला मुद्दा चीनचा. कथेनुसार भविष्यातील संस्कृती अमेरिका आणि चीन यांच्या एकत्र येण्यातून घडली आहे. पात्रे रागावली की मँडरिनमध्ये शिव्या देतात, पाट्यांवर चिनी अक्षरे दिसतात, जेवताना काड्या असतात. मात्र नऊ प्रमुख पात्रांत एकही चिनी वंशाचा कलाकार नाही. सायमन आणि रिव्हर यांचे आडनाव टॅम, पण त्या भूमिका शॉन माहर आणि समर ग्लाऊ यांच्याकडे. सजावटीसाठी एक संस्कृती घ्यायची आणि तिच्या माणसांना दाराबाहेर ठेवायचे, ही या मालिकेची सर्वांत मोठी उणीव आहे आणि पुन्हा पाहताना ती अधिकच जाणवते.

दुसरा मुद्दा युद्धाचा. गेटिसबर्गच्या लढाईवरील एक कादंबरी वाचून मालिकेची कल्पना सुचली असे व्हेडन यांनी सांगितले आहे. म्हणजे हरलेल्या स्वातंत्र्यवाद्यांच्या मागे अमेरिकी यादवी युद्धातील दक्षिणेची सावली आहे. मालिकेला याची जाणीव आहे, हेही खरे. 'शिंडिग'च्या सुरुवातीलाच माल गुलामांचा व्यापार करणाऱ्याच्या खिशाला हात घालतो आणि त्यावरून मारामारी होते. त्याचा उजवा हात असलेली झोई कृष्णवर्णीय आहे. तरीही पराभूत दक्षिणेभोवतीचा सगळा हळवेपणा ठेवायचा आणि ते युद्ध ज्या गुलामगिरीसाठी झाले ती मात्र गाळून टाकायची, ही सोय मला खटकते. हाच आक्षेप रीव्हर्सच्या बाबतीतही घेतला जातो. माणसांना जिवंत फाडणारे ते सीमेवरचे हिंस्र टोळके, जुन्या वेस्टर्नपटांनी मूळ अमेरिकी रहिवाशांना जसे रंगवले त्याच साच्यातून आलेले आहे. यावर इतरांचे काय म्हणणे आहे?

सांजवात

कृत्तिका, चीनविषयीच्या मुद्द्यावर मला काहीही बचाव करायचा नाही. तो आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो.

रीव्हर्सच्या बाबतीत मात्र चित्रपटाने दिलेले उत्तर लक्षात घ्यायला हवे. मालिकेत आपल्याला एवढेच सांगितले जाते की पोकळीच्या कडेवर फार काळ राहिलेली ही माणसे वेडी झाली. चित्रपटात मिरांडा ग्रहावर गेल्यावर खरे कळते : अलायन्सने लोक शांत राहावेत म्हणून तेथील हवेत एक द्रव्य मिसळले, बहुतेक जण इतके शांत झाले की खाणेपिणे सोडून बसल्या जागी मेले, आणि थोड्यांवर उलटा परिणाम होऊन ते रीव्हर्स झाले. म्हणजे सीमेवरचा रानटीपणा मध्यवर्ती सत्तेनेच निर्माण केला आणि दडवून ठेवला. जुन्या वेस्टर्नपटांचा सारा डोलारा ज्या गृहीतावर उभा आहे, तेच येथे उलथवले जाते. मालिकेच्या काळातच हा उलगडा ठरलेला होता की नंतर सुचला, याने मला फरक पडत नाही. कथेला तो शोभतो.

माळरान, पोस्टकार्डांच्या मोहिमेविषयी तुम्ही म्हणता ते योग्य आहे, पण ती मोहीम कोणी सुरू केली? मालिका बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हाच ती सुरू झाली होती, म्हणजे ज्यांनी मोजकेच भाग, तेही उलटसुलट क्रमाने, पाहिले होते त्यांनी. तेवढ्यात त्यांना काहीतरी असे दिसले होते की ज्यासाठी पदरचे पैसे घालावेत असे वाटले. ते काय होते, हाच माझा प्रश्न आहे. 'एरियल'चा शेवट घ्या. यानावरच्या भाडोत्री बंदूकधारी जेनने बक्षिसाच्या लोभाने फरार सायमन आणि रिव्हरला पकडून देण्याचा घाट घातला आणि मालला ते कळले. यान आकाशात झेपावत असताना माल त्याला उघड्या दारापाशी कोंडतो. जेन आधी खोटे बोलतो, मग विनवण्या करतो, आणि काहीच उरत नाही तेव्हा एकच मागतो : मी काय केले ते बाकीच्यांना सांगू नकोस, काहीतरी बनवून सांग. ते ऐकून माल दार बंद करतो. जेनला लाज वाटली, एवढ्यावर त्याचा जीव वाचला. असे प्रसंग लिहिता येणे दुर्मीळ आहे.

वळचण

मी विणकाम करते, त्यामुळे या मालिकेशी माझा संबंध आला तो जेनच्या टोपीमुळे. 'द मेसेज' या भागात जेनला त्याच्या आईकडून टपालाने पुडके येते. त्यात तिचे पत्र असते आणि तिने स्वतः विणलेली, कानांवर झापा असलेली, नारिंगी-पिवळ्या रंगांची टोपी असते. हा धिप्पाड, भांडकुदळ माणूस ती टोपी लगेच डोक्यावर चढवतो आणि मनापासून खूश होतो. हा भाग त्यावेळी अमेरिकेत प्रसारितही झाला नव्हता, लोकांनी तो डीव्हीडीवर पाहिला. तरीही ती टोपी ब्राउनकोटांची खूण झाली. बाजारात ती अधिकृतपणे मिळत नव्हती, म्हणून लोकांनी नमुने लिहून काढले, एकमेकांना दिले, विणून घातले आणि विकलेही. विणणाऱ्यांच्या दृष्टीने ती सोपी आहे : जाड लोकर, तीन रंग, वरून गोंडा. आईने घाईघाईने विणलेली दिसावी एवढा ओबडधोबडपणा तिच्यात राहिला पाहिजे, फार नीटस विणली तर ती जेनची टोपी वाटत नाही.

२०१३ मध्ये एका कंपनीला या टोपीचा अधिकृत परवाना मिळाला आणि त्यानंतर एट्सी या ऑनलाइन बाजारावर हाताने विणलेल्या टोप्या विकणाऱ्यांना फॉक्सच्या वतीने विक्री थांबवण्याच्या नोटिसा गेल्या. अधिकृत टोपी विकणाऱ्या थिंकगीक या दुकानाने चाहत्यांचा संताप पाहून तिच्यावरचा नफा ब्राउनकोटांच्या धर्मादाय उपक्रमाला द्यायचे जाहीर केले. कायद्याने फॉक्सची बाजू भक्कम असेल. परंतु दहा वर्षे ज्यांनी ही मालिका जिवंत ठेवली त्यांच्याशी असे वागणे मला अत्यंत कृतघ्नपणाचे वाटते. याआधी २००६ मध्येही असेच झाले होते. युनिव्हर्सलने चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी चाहत्यांना हाताशी धरले, आणि प्रदर्शनानंतर चाहत्यांनी बनवलेल्या वस्तूंवर वकिलांची पत्रे धाडली. ब्राउनकोटांनी काय करावे? फुकट केलेल्या प्रसिद्धीचे तास मोजले आणि युनिव्हर्सलच्या नावे रीतसर बिल तयार केले. पैसे मिळणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते, पण श्रमांची नोंद झाली.

धर्मादाय उपक्रमाचाही उल्लेख व्हायलाच हवा. पोर्टलंडमधील चाहत्यांनी सुरू केलेले 'सेरेनिटी'चे मदतनिधी खेळ २००६ पासून अनेक शहरांत होऊ लागले. 'कान्ट स्टॉप द सेरेनिटी' या नावाने चालणाऱ्या या उपक्रमातून स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इक्वॅलिटी नाऊ या संस्थेला वर्षानुवर्षे निधी दिला गेला. मला वाटते, सांजवात आणि माळरान या दोघांच्याही म्हणण्यात न बसणारे असे काहीतरी येथे आहे. चित्रपट आला, चालला नाही, पुढचा येणार नाही हे स्पष्ट झाले. मोहिमेचे कारणच संपले. त्यानंतरही माणसे दरवर्षी जमत राहिली, कारण मोहिमेच्या निमित्ताने त्यांना एकत्र काम करण्याची सवय लागली होती.

टिपूर

दोन गोष्टींची भर घालतो. अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन यांनी २००७ मध्ये अटलांटिस यानातून जाताना 'फायरफ्लाय' आणि 'सेरेनिटी'च्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेल्या. आणि २००९ मध्ये नासाने स्थानकाच्या नव्या कक्षाचे नाव ठरवण्यासाठी मतदान घेतले, तेव्हा नासाने सुचवलेल्या चार नावांपैकी 'सेरेनिटी'ला प्रचंड बहुमत मिळाले. एका विनोदवीराच्या चाहत्यांनी बाहेरून सुचवलेले नाव त्याच्याही पुढे गेले, आणि नासाने अखेर दोन्ही बाजूला ठेवून 'ट्रँक्विलिटी' हे नाव दिले. अवकाशात आवाज ऐकू येत नाही हे पाळणाऱ्या मालिका मुळात थोड्या. येथे यान स्फोटातून निसटते तरी बाहेर पूर्ण शांतता असते आणि ऐकू येते ती फक्त गिटार किंवा व्हायोलिन. अवकाशात काम करणाऱ्यांना ही मालिका जवळची वाटावी, यात मला नवल वाटत नाही.

अनवट

एक अवघड विषय कोणी काढलेला नाही, तो काढतो. २०२० आणि २०२१ मध्ये व्हेडन यांच्याबरोबर इतर कामांत वावरलेल्या कलाकारांनी त्यांच्या वागणुकीविषयी जाहीर आरोप केले, आणि व्हेडन यांनी त्यांतील बरेचसे नाकारले. ब्राउनकोटांपैकी अनेकांना हे फार लागले, कारण स्त्रियांच्या हक्कांसाठी निधी गोळा करण्याची त्यांची प्रथा व्हेडन यांच्या त्या संस्थेला असलेल्या पाठिंब्यातूनच सुरू झाली होती. काहींनी मालिका पाहणे सोडले. मी सोडलेले नाही. तिच्यात टिम मिनीअर, जेन एस्पेन्सन यांच्यासारख्यांचे लेखन आहे, ग्रेग एडमन्सन यांचे संगीत आहे, २०१६ मध्ये निवर्तलेल्या रॉन ग्लास यांनी साकारलेला धर्मोपदेशक शेफर्ड बुक आहे. मात्र ज्यांना आता पाहवत नाही त्यांना कोणी नावे ठेवू नयेत, एवढीच विनंती.

नवखी

वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहीत आहे. रसभंगाची सूचना वाचूनही मी सगळे वाचले, आणि आता मालिका पाहायचीच आहे. कोणत्या क्रमाने पाहावी?

सांजवात

स्वागत आहे. वाहिनीने दाखवलेला क्रम पूर्णपणे विसरून जा आणि डीव्हीडीवरील क्रम धरा. 'सेरेनिटी' याच नावाचा दोन तासांचा भाग पहिला, त्यानंतर 'द ट्रेन जॉब', आणि शेवटी 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'. पहिला भाग संथ वाटेल, पण घाई करू नका. त्यात शेफर्ड बुकने यानाच्या भाड्यापोटी दिलेली एक स्ट्रॉबेरी यानाची मेकॅनिक केली ही खाते, ते दृश्य नीट पाहा. या माणसांच्या रोजच्या आयुष्यात ताजे फळ किती दुर्मीळ आहे, हे कोणी तोंडाने न सांगता तिच्या चेहऱ्यावरून कळते.

'जेन्सटाउन' आणि 'आउट ऑफ गॅस' एकापाठोपाठ एक येतात, ते शक्यतो वेगवेगळ्या दिवशी पाहा. 'द मेसेज' हा चित्रीकरणाच्या दृष्टीने शेवटचा भाग. मालिका बंद झाल्याचे चमूला कळलेले होते, आणि त्याच्या अखेरीस अंत्यसंस्काराच्या प्रसंगी वाजणारे संगीत एडमन्सन यांनी मालिकेचाच निरोप म्हणून रचले होते. चित्रपट चौदाही भाग संपल्यावर पाहा, मधे नको. आणि पाहून झाल्यावर वॉशविषयी तुमचे मत कृत्तिकाच्या बाजूने पडते की माळरान यांच्या, ते येथे येऊन अवश्य लिहा.